तलवार टाकली म्हणून संत झालेले शिपाई

१२ मार्च २९५. उत्तर आफ्रिकेतलं तेवेस्ते, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं तेबेसा. रोमन सैन्याची भरती चालू आहे आणि प्रांताधिकारी दिओनसमोर मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या पोराला उभं केलंय. नाव विचारल्यावर पोरगा म्हणतो, ‘नाव कशाला हवंय? मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येणार नाही.’ दिओन तिकडे कानाडोळा करून हुकूम सोडतो, ‘उंची मोजा.’ मोजणारा मोठ्यानं सांगतो, पाच फूट दहा इंच. रोमन फूट आपल्यापेक्षा जरा आखूड, तेव्हा साधारण १७३ सेंटिमीटर. भरती झालेल्याच्या गळ्यात शिशाची मोहोर घालायची पद्धत होती, ती घालायला गेले तर तो म्हणतो, ‘घातलीत तर तोडून टाकीन. माझ्या प्रभूची खूण माझ्यावर आधीच आहे.’

दिओन काही राक्षस नव्हता. तुझं वय काय, असा हट्ट कशाला, म्हणून त्यानं समजूत काढली. बापाला सांगितलं, तुम्ही समजवा. बाप, फाबियस व्हिक्टर, म्हणाला की त्याचं त्याला कळतं. मग दिओननं खरा अडचणीचा मुद्दा काढला: खुद्द सम्राटांच्या पथकांत ख्रिस्ती शिपाई आहेत, ते करतातच की नोकरी! पोराचं उत्तर: ‘त्यांचं त्यांना ठाऊक. मला वाईट करता येणार नाही.’ ‘नोकरी करणारे काय वाईट करतात?’ ‘काय करतात ते तुम्हाला माहीत आहे.’

शिरच्छेदाची शिक्षा झाली. मरण्याआधी त्यानं बापाला एवढंच सांगितलं की माझ्यासाठी तयार केलेले नवे लष्करी कपडे या मारेकऱ्याला देऊन टाका.

ही प्रश्नोत्तरं लॅटिनमध्ये टिकून आहेत. त्यात चमत्कार नाहीत, आकाशवाणी नाही, कचेरीतल्या नोंदीसारखी ती कोरडी आहेत. म्हणूनच बहुतेक इतिहासकार ती बऱ्याच अंशी खरी धरतात. सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाने ज्या शिपायांना रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणारे, म्हणून पुजलं, ते कोण होते हे समजायला याहून चांगली जागा नाही. हे लोक रणात पडलेले नव्हते. त्यांना मारलं त्यांच्याच सरकारने, आणि तेही लढायला किंवा हुकूम मानायला नकार दिला म्हणून. पुढे काही शतकांनी मात्र चित्रांमध्ये हेच लोक घोड्यावर बसून भाला मारताना दिसू लागले. असं कसं झालं, तीच ही हकिकत.

आधी अडचण नेमकी कुठे होती ते पाहू. ‘ख्रिस्ती लोक अहिंसावादी होते म्हणून सैन्यात जात नव्हते’ हे उत्तर अर्धंच आहे. तर्तुलियन आणि ओरिजेन यांच्यासारखे जुने लेखक रक्त सांडण्याच्या विरोधात होते, हे खरं. येशूनं पेत्राला तलवार म्यान करायला लावली तेव्हाच प्रत्येक शिपायाचा पट्टा सुटला, असं तर्तुलियन म्हणतो. पण दुसरी अडचण रोजच्या जगण्यातली होती. रोमन छावणीत वर्षभर देवकार्य चालायचं. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे एका पलटणीचं तिसऱ्या शतकातलं पपायरसवरचं पंचांगच सापडलं आहे. कोणत्या तारखेला कोणत्या देवाला कोणता बळी, सगळं त्यात लिहिलेलं: ३ जानेवारीला ज्युपिटरला बैल, जुनोला गाय, मिनर्व्हाला गाय. मेलेल्या आणि देव झालेल्या सम्राटांचे वाढदिवससुद्धा त्यात आहेत. शिवाय निशाणांची पूजा आणि सम्राटाच्या नावाने शपथ.

साध्या शिपायाला यातून अंग काढता यायचं. बळी अधिकारी द्यायचा, हा मागे रांगेत उभा. म्हणून सैन्यात ख्रिस्ती होते आणि बरेच होते. सुमारे २११ साली एका शिपायाने बक्षिशीच्या समारंभात डोक्यावर पानांचा मुकुट घालायला नकार दिला आणि पकडला गेला. तर्तुलियनने त्याची बाजू घेतली, पण त्याच्याच लिखाणातून दिसतं की बाकीचे ख्रिस्ती त्या शिपायावर चिडले होते. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळ्यांच्या जिवाला घोर लावला म्हणून! ही कुरकुर मला फार खरी वाटते. संतांच्या चरित्रांत ती सहसा येत नाही.

बढती मिळाली की मात्र पंचाईत व्हायची. पॅलेस्टाइनमधल्या कैसरिया शहरात सुमारे २६० साली मॅरिनस नावाच्या मानाच्या शिपायाला सेंच्युरियन, म्हणजे शंभरेक शिपायांचा नायक, व्हायची पाळी आली. सेंच्युरियनची खूण म्हणजे हातातली द्राक्षवेलीची काठी. ती मिळणार तोच दुसरा एक उमेदवार पुढे झाला: हा ख्रिस्ती आहे, सम्राटाला बळी देत नाही, जागा माझी. ख्रिस्ती लोकांचा छळ त्या सुमाराला खरं तर थंडावला होता. कोणी तक्रार केली नसती तर कोणी विचारलंही नसतं. न्यायाधीश अखायसने मॅरिनसला विचार करायला तीन तास दिले. तो बाहेर आला तर तिथला बिशप थिओटेक्नस त्याला हाताला धरून चर्चमध्ये घेऊन गेला, थेट वेदीपाशी. त्याचा झगा जरा बाजूला करून कमरेच्या तलवारीकडे बोट दाखवलं, समोर शुभवर्तमानाचं पुस्तक ठेवलं आणि म्हणाला, निवड. मॅरिनसने न डगमगता उजवा हात पुस्तकाकडे नेला. तीन तास संपले, पुकारा झाला, तो गेला आणि मारला गेला. अस्टिरियस नावाचा एक रोमन सिनेटर तिथे होता. त्याने अंगावरच्या उंची शुभ्र कपड्यांची पर्वा न करता ते प्रेत खांद्यावर घेतलं आणि इतमामानं पुरलं. ही हकिकत चर्चचा पहिला इतिहासकार युसेबियस याने लिहून ठेवली आहे, आणि तो त्याच शहराचा बिशप होता.

पूजा सुरू होते ती इथून, प्रेत उचलणाऱ्यापासून. मॅक्सिमिलियनचं प्रेत पोंपेयाना नावाच्या एका श्रीमंत बाईने मागून घेतलं, स्वतःच्या वाहनातून कार्थेजला नेलं आणि संत सिप्रियन या बिशपच्या थडग्याशेजारी पुरलं. तेरा दिवसांनी ती वारली आणि तिलाही तिथेच ठेवलं. रक्तसाक्ष्याच्या जवळ पुरलं जावं, ही इच्छा पुढे इतकी पसरली की अशा थडग्यांभोवती स्मशानंच्या स्मशानं उभी राहिली. प्रेत, जागा आणि तारीख एवढं हाती असलं की झालं. तारीख मृत्यूची, पण तिला जन्मदिवस म्हणत, कारण खरा जन्म स्वर्गातला. त्या दिवशी थडग्यापाशी जमायचं, हकिकत वाचायची, भोजन करायचं. दुसऱ्या शतकात स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याला जाळलं, तेव्हाच त्याची हाडं ‘रत्नांहून मोलाची’ म्हणून गोळा केली होती. शिपायांसाठी वेगळी रीत नव्हती. सुरुवातीला बिशप, गुलाम, तरुण मुली आणि शिपाई, सगळे एकाच मापाने रक्तसाक्षी.

सम्राट डायोक्लेशियनच्या काळात सैन्यातून ख्रिस्ती लोकांना काढायला सुरुवात झाली आणि ३०३ मध्ये सर्वत्र छळ सुरू झाला. २९८ मध्ये तिंगिस इथे, म्हणजे आजच्या मोरोक्कोतल्या टँजियरमध्ये, मार्सेलस नावाच्या सेंच्युरियनचा निकाल लागला. सम्राटाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत त्याने सगळ्यांदेखत लष्करी पट्टा काढून फेकला होता.

पुढची दहा-बारा वर्षं मात्र सगळं उलटं करून गेली. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि लगेच ३१४ मध्ये आर्लच्या धर्मसभेने नियम केला की शांततेच्या काळात शस्त्रं टाकणाऱ्याला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा प्रसाद, देऊ नये. या नियमाचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांत वाद आहे, पण वारं कुठे वळलं होतं ते कळतं. शंभरेक वर्षांनी तर जुन्या देवांना मानणाऱ्यांनाच सैन्यात बंदी करणारा कायदा आला. आता सम्राट ख्रिस्ती, फौज ख्रिस्ती. मग त्याच फौजेविरुद्ध उभे राहिलेल्या शिपायांचं काय करायचं? चर्चने त्यांना ठेवून घेतलं, नुसतं ठेवलं नाही तर थोर केलं. आणि हळूहळू त्यांच्याकडे दुसरं काम सोपवलं.

हे वळण एका प्रवचनात चक्क पकडता येतं. सुमारे ३८० साली निस्साचा बिशप ग्रेगरी, आजच्या तुर्कस्तानातल्या एका देवळात शिपाई थिओडोरच्या उत्सवाला बोलायला उभा राहिला. थिओडोर नवखा रंगरूट. अमासिया शहरात पलटण हिवाळ्याला थांबली होती, तिथे त्याने बळी द्यायला नकार दिला. विचार करायला वेळ दिला, तर त्याने जुन्या धर्मातल्या देवमातेचं मंदिरच जाळलं. मग त्याला जाळलं. ग्रेगरी आधी त्या वास्तूचं वर्णन करतो: चांदीसारखे घासलेले दगड, लाकडात कोरलेले प्राणी, भिंतीवर रंगवलेला छळ आणि अग्निकुंड. मग लोक काय करतात ते सांगतो. थडग्यावरची धूळ मिळाली तरी ती अंगाऱ्यासारखी जपून घरी नेतात. प्रत्यक्ष अस्थींना हात लावायला मिळणं म्हणजे मोठं भाग्य. ज्यांना मिळतं ते डोळे, तोंड, कान सगळं त्यांना लावतात, रडतात आणि संत जिवंत समोर असल्यासारखं त्याला गाऱ्हाणं घालतात.

आणि शेवटी ग्रेगरी स्वतः गाऱ्हाणं घालतो. सिथियन टोळ्या सीमेवर चालून येताहेत. तू शिपाई आहेस, आमच्यासाठी लढ. रक्तसाक्षी आहेस, देवापाशी आमच्यासाठी मोकळेपणानं बोल. ज्याने रोमची शिपाईगिरी सोडली, त्यालाच रोमच्या सीमेवर पहाऱ्याला उभं केलं. ग्रेगरीला यात काहीच विसंगत वाटत नाही. त्याच्यापुढे मंदिर जाळणारा कैदी नाही, संकटात सापडलेला प्रांत आहे.

ग्रेगरीच्या घराण्याचा जीव मात्र दुसऱ्याच शिपायांवर होता: सेबास्तेचे चाळीस. सेबास्ते म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं सिवास. परंपरेप्रमाणे ३२० च्या सुमारास, लिसिनियस सम्राटाच्या राज्यात, बाराव्या लीजनच्या, म्हणजे रोमन सैन्यातल्या मोठ्या पलटणीच्या, चाळीस शिपायांना कडाक्याच्या थंडीत रात्रभर उघडं ठेवलं. शेजारी गरम पाण्याचं स्नानघर, ज्याला धर्म सोडायचा असेल त्याने आत यावं. एक जण गेला आणि आत पाऊल टाकताच मेला. ते पाहून पहाऱ्यावरच्या शिपायानं कपडे उतरवले आणि चाळीसचा आकडा पुरा केला. ग्रेगरीचा थोरला भाऊ बेसिल याने या चाळिसांवर गाजलेलं प्रवचन केलं. सकाळी गाडीत प्रेतं भरताना एक तरणा अजून जिवंत होता, त्याला मागे ठेवलं, तर त्याच्या आईने स्वतः उचलून त्याला गाडीत घातलं, असं बेसिल सांगतो. वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो केवळ भक्तीचा नसतो.

या चाळिसांच्या नावाने एक मृत्युपत्र टिकून आहे. त्यात विनंती आहे की आमचे अवशेष एकत्रच ठेवा, झेला शहराजवळच्या एका गावी. कोणी स्वतःसाठी काही काढून घेऊ नका. झालं नेमकं उलटं. राख आणि हाडं इतकी वाटली गेली की बेसिल कौतुकानेच म्हणतो, ते एका गावाचे राहिले नाहीत. ग्रेगरीच्या घरच्या जमिनीवरच्या देवळात त्यांचा वाटा होता आणि त्याने आईवडिलांना तिथेच पुरलं. तरुणपणची एक गोष्टही त्याने सांगून ठेवली आहे. घरचा उत्सव होता, याला रस नव्हता, रात्रीच्या जागरणाला न जाता हा बागेत झोपला. स्वप्नात दाराशी शिपाई आले, हातात काठ्या घेऊन, आणि याला ठोकायला धावले. जागा झाला तो रडतच अस्थींपाशी गेला. ९ मार्चला या चाळिसांच्या नावाने रोमानियात आजही इंग्रजी आठच्या आकाराच्या गोड वड्या घराघरात करतात.

थडगं जितकं वाटेवर, तितका संत मोठा. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या नैर्ऋत्येला वाळवंटात मेनास या शिपायाचं ठाणं होतं. तिथे पाचव्या-सहाव्या शतकात चर्च, धर्मशाळा, स्नानगृहं असं अख्खं गाव वसलं. यात्रेकरूंना मातीची तळहाताएवढी कुपी मिळायची. वर शिक्का: हात पसरून उभा संत आणि दोन्ही बाजूंना एकेक उंट. या कुप्या इंग्लंडपर्यंत सापडल्या आहेत. सीरियातल्या रुसाफाचा सर्जियस आणि त्याचा सोबती बॅकस यांची कथा अशी की मोठे लष्करी अधिकारी असून त्यांनी देवळात बळी दिला नाही, म्हणून पट्टे काढून, बायकांचे कपडे घालून शहरातून धिंड काढली. रोम आणि इराण यांच्या सरहद्दीवरच्या अरब टोळ्यांचं हे लाडकं दैवत. इतकं की सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणचा शाह दुसरा खुस्रो, जो ख्रिस्ती नव्हताच, त्याने शत्रूचा पाडाव झाल्यावर रुसाफाला रत्नजडित सोन्याचा क्रूस पाठवला, आणि पुढे ख्रिस्ती राणी शिरीन हिला दिवस गेल्यावर आणखी भेटी. सरहद्दीवरचा संत दोन्हीकडून नवस घेतो.

यातलं सगळंच इतिहास म्हणून धरायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इपोलित दलये या बेल्जियन जेझुइट अभ्यासकाने हे सगळे सैनिक संत तपासले आणि दाखवून दिलं की पुष्कळ कथा एकाच साच्यातून काढलेल्या आहेत. थडगं आणि तारीख जुनी, कथा नंतरची. स्वित्झर्लंडमधल्या मॉरिस आणि त्याच्या थेबन लीजनचीच गोष्ट घ्या: हुकूम मोडला म्हणून ६,६०० जण कापले गेले असं पाचव्या शतकात लिऑनचा बिशप युखेरियस लिहितो, पण त्या आधीच्या दीडशे वर्षांत कोणी त्याची वाच्यता करत नाही. तिथला मठ मात्र ५१५ पासून आजवर चालू आहे. रोमच्या सेबॅस्टियनचंही तसंच. ३५४ च्या रक्तसाक्ष्यांच्या यादीत त्याची २० जानेवारी ही तारीख आणि थडग्याची जागा एवढंच आहे. तो शिपाई होता, बाणांनी विंधला गेला, हे पुढच्या शतकात आलं. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला. पणजीत फोंतेन्यासमध्ये त्याचं चॅपल आहे, आणि वसईच्या किल्ल्याच्या एका बुरुजाला त्याचंच नाव होतं. १७३९ च्या वेढ्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने ज्यावर सुरुंग चालवले, तो हाच बुरूज.

या संतांच्या हाती हत्यारं परत कशी आली ते ग्रीसमधल्या थेस्सलोनिकात नीट दिसतं. तिथल्या संत देमेत्रियसच्या जुन्या मोझेइक चित्रांत तो दरबारी अधिकाऱ्याचा लांब झगा घालून, प्रार्थनेच्या जुन्या पद्धतीने हात वर करून उभा आहे. ना चिलखत, ना भाला. पण अवार आणि स्लाव टोळ्यांनी शहराला वेढे घातले आणि देमेत्रियस तटावर लढताना दिसल्याच्या कथा सुरू झाल्या. पुढच्या शतकांतल्या चित्रांत तो चिलखत चढवून तयार! आपल्या रंगरूट थिओडोरला तर बढतीच मिळाली. नवव्या शतकापर्यंत त्याच नावाचा दुसरा संत अवतरला, सेनापती थिओडोर, आणि चित्रांत दोघे शेजारी शेजारी उभे राहू लागले. मरून पाचशे वर्षं झाल्यावर अशी पदोन्नती कोणत्याही खात्यात मिळत नाही. सर्पराक्षस मारण्याची कथाही आधी थिओडोरची, जॉर्जकडे ती बरीच नंतर गेली. पॅलेस्टाइनमधल्या लिद्दाच्या जॉर्जचं थडगं जुनं, पण त्याचं चरित्र इतकं अचाट होतं (तो मरतो, उठतो, पुन्हा मरतो) की सहाव्या शतकातल्या एका लॅटिन यादीने ते वाचू नये अशा पुस्तकांत टाकलं होतं. १०९८ मध्ये अँटिओकच्या लढाईत तर धर्मयोद्ध्यांना जॉर्ज, देमेत्रियस आणि मर्क्युरियस हे शिपाई संत पांढऱ्या घोड्यांवरून मदतीला येताना दिसले.

मग लढून मेलेला शिपाईसुद्धा रक्तसाक्षी का नाही? हा प्रश्न एका सम्राटाने खरंच विचारला होता. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट निकेफोरस फोकास हा मोठा सेनानी होता, मुसलमान राज्यांशी त्याची सतत युद्धं चालायची. समोरच्या फौजेत धर्मासाठी मरणाऱ्याला स्वर्गाचं वचन आहे हे त्याला दिसत होतं. त्याने चर्चकडे मागणी केली की माझे जे शिपाई लढाईत पडतील त्यांना रक्तसाक्षी ठरवा, त्यांचे उत्सव करा, स्तोत्रं गा. ज्या साम्राज्यात देवळादेवळातून चिलखत घातलेले संत उभे होते, तिथे ही मागणी अगदीच वावगी नव्हती. तरी पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, पोल्युक्तस आणि बिशपांनी साफ नकार दिला, आणि त्यासाठी आधार काढला तो चाळिसांवर प्रवचन करणाऱ्या बेसिलचा. युद्धातल्या हत्येला आपल्या पूर्वजांनी खून म्हटलं नाही, असं बेसिलने लिहिलं होतं. पण हात स्वच्छ नाहीत, तेव्हा अशा शिपायांनी तीन वर्षं कम्युनियन घेऊ नये हे बरं. ज्याला तीन वर्षं वेदीपासून लांब राहायला सांगितलंय, त्याच्या नावाने उत्सव कसा करणार, असा बिशपांचा सवाल होता. सम्राटाला मागणी मागे घ्यावी लागली.